मेन पाडला का?

गेल्या सव्वीस वर्षांत रायपुरातल्या किती घरांमध्ये मी दुपार काढली असेल, ते मला सांगता येणार नाही. पाहुणी म्हणून नव्हे. लोकांच्या खुर्चीवर, लोकांच्या कूलरसमोर, त्यांच्या पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत. मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. म्हणजे करत होते. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हापासून फक्त फोनवर सल्ला देते, आणि फोनवरचा सल्ला कोणी ऐकत नाही.

आमचं घर पुरानी बस्तीत, भोसल्यांच्या काळापासून. मी आधी एका टायपिंग क्लासमध्ये मराठी-हिंदी टायपिंग शिकवत असे. पुढे मालकांनी टाइपरायटर विकून दोन कॉम्प्युटर आणले, ते दोन्ही महिनाभरात बंद पडले, आणि नागपूरचा मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणाला तो अजून यायचाच आहे. शेवटी मीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. आत काय होतं? धूळ, एक मेलेली पाल आणि निसटलेली एक वायर. वायर बसवली, पाल काढली, आणि त्या दिवसापासून मी ‘कंप्यूटरवाली दीदी’ झाले. पुढची कित्येक वर्षं लोक दार उघडल्यावर माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. “इंजिनियर साहब पीछे आ रहे हैं क्या?” मी म्हणायची, “हव, आ गए,” आणि आत शिरायची.

बाहेरच्यांना वाटतं, या कामाला फार डोकं लागतं. डोकं थोडं लागतं, बूड जास्त लागतं. बसता आलं पाहिजे. विशेषतः अपडेट फसलेला असेल तेव्हा. अपडेट म्हणजे काय, हे मी लोकांना असं सांगते: रुग्ण पलंगावर झोपलेलाच आहे आणि नर्सबाई त्याच्याखालची चादर बदलतात. अर्धी जुनी काढायची, अर्धी नवी सरकवायची, मग रुग्णाला हलकेच कुशीवर वळवायचं. हे होत असताना कोणी मध्येच दिवा घालवला तर रुग्ण ना जुन्या चादरीवर ना नव्या. मग तो चालू होतो, घाबरतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो, आणि पडद्यावर ठिपके फिरत राहतात. अशा वेळी पहिलं काम म्हणजे हात मांडीवर ठेवून बसणं. निम्मी यंत्रं आपणहून सावरतात. पण माणसांना तेवढा धीर निघत नाही.

माझ्या एक गिऱ्हाईक गाणं शिकवायच्या. ठिपके फिरायला लागले की त्या तंबोरा जवळ ओढायच्या आणि त्या चालीवर डोळे मिटून सूर लावायच्या. म्हणायच्या, “दीदी, ये तो विलंबित में है.” त्यांचा अपडेट कधीही फसला नाही. दुसरे एक साडीवाले होते, ते फक्त पडद्याचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद झाला असं समजायचे. त्यांना वाटायचं, यंत्र रोज आपल्यासारखं झोपतं. ते पाच वर्षं झोपलेलं नव्हतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या डब्याची हात जोडून माफी मागितली.

रायपूरची उन्हाळ्याची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कसं सांगावं? सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी झोपलेली असते. रस्त्यावर कुत्रंही नसतं. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, पंप पाणी ओढतो त्याची गुळगुळ, शेजारच्या घरात कोणीतरी झोपेत कूस बदललेलंही ऐकू येतं. आणि समोर ते ठिपके. अर्ध्या तासाने माणसाचं भान सुटतं. मी जागी आहे का, हे मलाही कळत नसे. घरमालकांचंही तसंच होई. ते शेजारच्या स्टुलावर येऊन बसत, ठिपक्यांकडे बघत, आणि एरवी सख्ख्या भावालाही सांगणार नाहीत असं काहीतरी बोलून जात. मी फक्त “हं” म्हणत असे. ठिपके थांबले की ते दचकून गप्प होत आणि चहाचं विचारत.

तरी एक गोष्ट माझ्याकडून चुकली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

शंकर नगरमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, मीही. त्यांचा कॉम्प्युटर अपडेटनंतर सुरूच होईना. मी तेव्हा या धंद्यात नवी होते आणि फार घाईत असे. सगळे विचारतात तोच प्रश्न मी विचारला, “बाई, काय काय वाचवायचंय?” त्या म्हणाल्या, “नातीचे फोटो आणि पेन्शनचे कागद.” मी दोन्ही वाचवले, बाकी सगळं पुसून टाकलं आणि यंत्र कोरं करकरीत करून दिलं. तासाभरात काम. स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

दोन महिन्यांनी प्रिंटरसाठी त्यांच्याकडे गेले, तर कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड घातलेलं, त्यावर फुलदाणी. मी विचारलं, “बाई, वापरत नाही का?” त्या बराच वेळ कापडाची सुरकुती सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यात एक खेळ होता गं. गाव वसवायचा. तो परत नाही ना येत?” खेळ पुन्हा टाकता येतो, मी म्हटलं. “खेळ येईल. गाव?” त्यांनी चार वर्षं रोज दुपारी एक गाव वसवलं होतं. दोनशे घरं. प्रत्येक घराला त्यांच्या एकेका विद्यार्थ्याचं नाव. वेशीजवळ शाळा, शाळेमागे तळं. लाजेने कोणाला सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिका म्हातारपणी खेळ खेळते, हे कसं सांगायचं? मला तर मुळीच सांगणार नव्हत्या. मी म्हटलं, “पुन्हा वसवा ना.” त्या हसल्या. “आता एवढी माणसं पुन्हा गोळा करायला वय नाही माझं.” मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. कधी कधी दुपारी डोळा लागता लागता ते न पाहिलेलं गाव मला दिसतं आणि त्याच्या गल्ल्यांमध्ये कोणी नसतं.

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. ‘काय वाचवायचंय’ असं मी विचारत नाही. मी विचारते, “सकाळी उठल्यावर याच्यावर काय करता? दुपारी काय करता?” लोक वैतागतात. डॉक्टर नाडी बघायच्या आधी जेवणाचं विचारतो तसं वाटतं त्यांना. वाटू दे.

आता रामटेके काकांकडे येते.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात फोन आला. “ताई, जय भीम. मी बीरगावहून बोलून राहिलो. याच्यावर परवापासून चक्री फिरून राहिली. थांबतच नाही.”

बीरगाव माझ्या घरापासून लांब, आणि वर उन्हाचा कहर. पण आवाजात काहीतरी होतं. स्कूटर काढली. काका गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर टॉवेल घेऊन माझी वाट बघत उभे होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात जन्म गेला, असं चालता चालता त्यांनी सांगितलं. बोलताना हात सारखे थरथरत होते. तिकडे हवेच्या हातोड्याने रिव्हेट ठोकून ठोकून बोटं कायमची बधिर झाली होती.

घर दोन खोल्यांचं, जवळच्या उरला या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांची काळी भुकटी खिडकीच्या गजांवर, आत मात्र लख्ख. कॉम्प्युटरच्या डब्यावर एक ओला पंचा पिळून ठेवलेला. मी आधी तो उचलला.

“गरम लागून राहिलं होतं जी त्याले,” काका म्हणाले.

“काका, हा माणूस नाही. पाणी आत गेलं तर मरेल.”

“मले वाटलं, ताप उतरेल.”

पडद्यावर ठिपके फिरत होते. ‘तीस टक्के झालं’ असं इंग्रजीत यायचं, मग ‘बदल मागे घेत आहोत’, मग अंधार, मग पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, अपडेट चालू असताना काय झालं होतं?

“बुद्ध पौर्णिमा होती. विहारात जायाचं होतं मले. पडद्यावर आलं, कंप्यूटर बंद करू नका. मी नाही केला बंद.”

“मग?”

“मेन पाडला.”

“म्हणजे अख्ख्या घराची वीज बंद?”

“त्यानं म्हटलं कंप्यूटर बंद करू नका,” काका गंभीरपणे म्हणाले. “मी कंप्यूटरले हातच नाही लावला.”

मला हसू आवरेना. या धंद्यात मी पुष्कळ सबबी ऐकल्या आहेत, पण इतकी प्रामाणिक एकही नाही. आतल्या खोलीच्या दारात त्यांची सून येऊन उभी होती, नेहा. दुर्गच्या मराठी घरातली पोरगी, पण बोलायची हिंदीतच. नवरा उरल्याच्या कारखान्यात पाळीवर गेलेला.

“दीदी, मैं तो घर में ही थी,” ती म्हणाली. “मिक्सर में चटनी पीस रही थी. सब बंद. बाबा जब भी बाहर निकलते हैं, मेन गिरा देते हैं. मैं अंदर बिना पंखे के बैठी रह जाती हूँ.”

“नियम आहे तो घरचा,” काका म्हणाले आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, कौसल्याबाईंचा. रुंद कपाळ, पदराने कान किंचित झाकलेले, फोटो काढणाऱ्यालाच काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारख्या. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असताना सगळे एका लग्नाला गोंदियाला गेले आणि मागे वायर जळून खिडकीचा पडदा पेटला. शेजाऱ्यांनी विझवला. तेव्हापासून घर रिकामं सोडायचं म्हटलं की दाराशी चपला घालता घालता कौसल्याबाई विचारायच्या, “मेन पाडला का?” पाडला म्हटल्याशिवाय पाय उचलत नसत. त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. नेहा सून म्हणून आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. सासूला तिने फोटोतच पाहिलेलं.

मी माझा प्रश्न विचारला. “काका, सकाळी उठल्यावर याच्यावर काय करता?”

“काही नाही. पत्ते खेळतो.”

“पत्ते नहीं, दीदी,” नेहा म्हणाली. “बाबा रोज उठते ही टाइप करते हैं. चाय भी बाद में. मैं आ जाऊँ तो छोटा कर देते हैं स्क्रीन को.”

काका जमिनीकडे बघायला लागले. मी नेहाला म्हटलं, “चहा टाकशील का गं?” ती समजली आणि आत गेली. मग काका स्टुलावर बसले आणि ठिपक्यांकडे बघत म्हणाले, “सपनं लिहितो जी.”

“कसली?”

“ती येते त्यातली. बाकीची नाही लिहीत.”

रोज येत नसत कौसल्याबाई. आठवड्यातून कधी, महिन्यातून कधी. पण आल्या की काका डोळे उघडल्यावर कोणाशी बोलत नसत. बोललं की स्वप्न जातं. चहा घेतला की जातं. खिडकीतून बाहेर बघितलं तरी जातं. उठायचं, थेट खुर्चीवर बसायचं आणि एका बोटाने, एक एक अक्षर दाबत, असेल तेवढं लिहून काढायचं. पेन त्यांच्या हातात राहत नव्हतं, कळ दाबता येत होती. सहा वर्षांची सगळी स्वप्नं एकाच फाइलीत.

“दुसरीकडे कुठे नक्कल ठेवली आहे?”

“नक्कल कायले?”

“कधी वाचता का मागचं?”

“नाही. फक्त लिहितो.” मग म्हणाले, “वाचत बसलो तर ती लिहिलेल्यातलीच होऊन जाईल. मंग नवी कायले येईल?”

 मला मोठ्या बाईंच्या फुलदाणीची आठवण झाली.

मग कामाला लागले. आधी प्रिंटर, स्पीकर, सगळ्या बाहेरच्या वायरी काढल्या. तीनदा सुरू करून मध्येच थांबवलं की यंत्र शरण येतं आणि दुरुस्तीची निळी पाटी दाखवतं. त्या पाटीवर एक सोपा रस्ता असतो: सगळं पुसा आणि नव्याने सुरू करा. तो रस्ता कधी दगा देत नाही, आणि मोठ्या बाईंचं गाव त्याच रस्त्याने गेलं होतं. मी तिकडे गेले नाही. ‘शेवटचा अपडेट काढून टाका’ म्हटलं, यंत्र म्हणालं, जमत नाही. मग डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, म्हटलं आधी फाइल तरी हाताशी घेऊ. डिस्क दिसली, पण आत शिरता येईना. अख्ख्या डिस्कची नक्कल घ्यायला लावली, ती तीनदा अडकली.

मी डिस्क परत बसवली आणि काकांना स्पष्ट सांगितलं. “काका, पुस्तक आहे, पानं आहेत, पण वीज एकदम गेल्यामुळे पुढची अनुक्रमणिका फाटली आहे. कोणतं पान कुठे ते यंत्राला कळत नाही. ती अनुक्रमणिका पुन्हा जुळवायला लावता येते. पण जुळवताना ज्या पानाचा पत्ता लागत नाही, ते पान ते कधी कधी टाकून देतं. तुमची फाइल त्यात जाऊ शकते. करू का?”

“नाही केलं तर?”

“मग अशीच चक्री.”

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. “करा,” म्हणाले. “सपनंच आहेत. गेली तर गेली.” पण ते माझ्याकडे बघत नव्हते, फोटोकडे बघत होते. मला भीती वाटावी इतकी त्यांची कीव आली, आणि मी कळ दाबली.

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे हळूहळू चढायला लागले. एक टक्का. बराच वेळ एकच टक्का. नेहाने चहा आणला, मी प्यायले, काकांनी घेतला नाही. कूलर सुरू होता. बाहेर लांबवर कारखान्याचा भोंगा झाला आणि विरून गेला. आठ टक्के. अकरा. काका भिंतीला टेकून बसले होते, डोळे उघडे. मी हात मांडीवर ठेवले. मग आकडे पुसट व्हायला लागले.

मी त्याच गल्लीतून चालत होते, पण गल्ली संपत नव्हती. पुढे वेस लागली, वेशीजवळ शाळा, शाळेमागे तळं. घरं रांगेत, प्रत्येकावर नाव. एकाही घरात माणूस नव्हता आणि तरी घरं ओसाड वाटत नव्हती, जेवून सगळे झोपलेत असं वाटत होतं. एका दाराशी एक बाई चपला घालत होती. चेहरा दिसला नाही. मला पाहून तिने विचारलं, “किती टक्के झालं?” मला सांगता येईना. मी वाकून बघायला गेले तर तळ्यात पांढरे ठिपके फिरत होते, आणि पाणी इतकं गार होतं की मला तिथून उठावंसंच वाटेना. खरं सांगते, इतकी गाढ झोप मला घरीसुद्धा लागत नाही.

“दीदी, हो गया क्या?” नेहा माझा खांदा हलवत होती.

पडद्यावर निळं आकाश होतं. यंत्र जुळवून झालं होतं, अपडेट काढून टाकून ते आपणहून सुरूही झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं काम माझ्या झोपेत पूर्ण झालं. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात काकांचा चेहरा दिसला. पडदा मोकळा होता. त्यांची फाइल डाव्या कोपऱ्यात असायची. तिथे काहीच नव्हतं.

“गेली,” काका म्हणाले. हळू म्हणाले, पण मांड्यांखालचे हात सुटले आणि ते हवेत तसेच थरथरत राहिले.

“थांबा, काका. थांबा.” हा प्रकार मी आधी पाहिला होता. “आपण घरात शिरलोय, पण मालकाच्या खोलीची किल्ली यंत्राला सापडली नाही. म्हणून त्याने आपल्याला तात्पुरतं बैठकीत बसवलंय. ही बैठक आहे. म्हणून रिकामी आहे. तुमची खोली आत असेल.”

असेल, म्हटलं मी. आहे म्हणायची हिंमत नव्हती. डिस्क उघडली, वापरणाऱ्यांच्या नावांची जागा उघडली. तिथे ‘रामटेके’ नावाचा कप्पा होता. त्यात आणखी एक कप्पा. त्यात एकच फाइल, नाव फक्त ‘१’.

“हीच का?”

काकांनी मान हलवली.  मी आधी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर तिच्या नकला घेतल्या, मग यंत्राला मालकाच्या खोलीची किल्ली शोधून दिली. पडदा पुन्हा त्यांचा झाला, डाव्या कोपऱ्यात ती फाइल येऊन बसली. पण माझं काम संपलं नव्हतं. माझा एक नियम आहे: गिऱ्हाइकाने स्वतः फाइल उघडून बघितल्याशिवाय मी घर सोडत नाही. अनुक्रमणिका जुळवताना कधी कधी नाव राहतं आणि आतलं जातं. बाहेरून शाबूत, आत पोकळ.

मी उठून त्यांना खुर्ची दिली. “उघडा, काका.”

“नाही.”

“आत काही आहे का, बघायला नको?”

“मी वाचत नाही, सांगितलं ना जी. तुमीच पाहा.”

“मी परकी. मी नाही वाचणार.”

पंख्याखाली आम्ही दोघं हट्टी म्हातारी माणसं, कोणीच मागे हटेना. मग दारातून नेहा म्हणाली, “बाबा, मैं देखूँ?”

 माझी खात्री झाली की ते नाही म्हणणार. मग ते खुर्चीवरून उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, “शेवटचंच पाहाय. बाकीचं नको.”

नेहाने फाइल उघडली. काळी अक्षरं भरभर वर सरकत गेली, पानंच्या पानं, सहा वर्षं. आत पोकळ नव्हतं. ती अगदी शेवटी थांबली. पौर्णिमेच्या सकाळचं होतं ते, मेन पाडायच्या अर्धा तास आधीचं. तिला मराठी वाचायची सवय नव्हती, एक एक शब्द उचलत वाचायला लागली.

“आज आली. हिरवं लुगडं. दाराशी चपला घालून उभी. मले म्हणाली, मेन पाडला का. मी म्हटलं, पाडतो ना. तं म्हणाली, काहून पाडता? पोट्टी आहे ना घरात.”

पुढे काही नव्हतं. नेहाने पुन्हा ती ओळ मनात वाचली. तिचे ओठ हलताना दिसले. मग मागे न वळता तिने विचारलं, “पोट्टी, मतलब लड़की... मैं?”

“आता दुसरी कोण आहे घरात?” काका म्हणाले. जरा चिडल्यासारखेच म्हणाले.

नेहा डोळ्याला पदर लावून आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला, उगाचच केलेला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “लिहिलं होतं मी. लिहून उठलो, अन् जाऊन मेन पाडला. पाहा आता.” आणि ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. लपवण्यात अर्थ नव्हता.

अपडेट पुन्हा लावणं भाग होतं. आज लावला नसता तर उद्या त्याने आपणहून सुरुवात केली असती, आणि मग पुन्हा देव जाणे काय. मी तो लावून दिला. पेनड्राइव्ह एक काकांच्या हाती दिला, एक नेहाच्या. दोन तास याला कोणी हात लावायचा नाही, असं दोघांना बजावलं. ठिपके फिरायला लागले. ऊन कलायला आलं होतं, खिडकीच्या काळ्या गजांची सावली पलंगावर लांब पडली होती, आणि मला अजून त्या तळ्याच्या काठावर असल्यासारखं वाटत होतं.

काका मला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले. मी स्कूटरची किल्ली शोधत उंबरठ्याबाहेर आले. मागे वळून बघितलं तर त्यांनी चपला घातल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात, त्यांच्या नकळत, दारावरच्या मेनच्या डब्याकडे गेला होता. 

आतून नेहाचा आवाज आला. खणखणीत आणि मराठीत.

“बाबा, मेन नका पाडू!”

काकांचा हात डब्यावर तसाच राहिला. ते दाराकडे तोंड करून उभे होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला नाही. आत कूलर चालू होता. मग त्यांनी हात खाली घेतला, दार नुसतं लोटून घेतलं आणि माझ्या बरोबरीने चालायला लागले.

“चाला जी,” म्हणाले. “घरात माणूस आहे.”